प्लॉट घेण्याआधी नकाशात पाणी बघायचं असेल तर: दिशांक, गूगल अर्थ, भुवन

बेळगावात वडगाव, अनगोळ, येळ्ळूर रोड त्या बाजूला जागा बघणाऱ्यांनी हे जरूर वाचा. भावासाठी प्लॉट बघत होतो, एजंट म्हणाला इथं पाणी अजिबात येत नाही, म्हणून फुकटात मिळणारे सगळे नकाशे उघडून बसलो.

सगळ्यात उपयोगी पडलं ते दिशांक ॲप. कर्नाटक सरकारचंच आहे. जागेवर उभं राहून उघडलं की आपण कुठल्या सर्वे नंबरात आहोत ते कळतं आणि खाली जुना गावनकाशा असतो, त्यामुळं आता मुरूम टाकून सपाट केलंय तिथनं आधी नाला जात होता का ते समोर येतं. आम्ही बघितलेल्या लेआउटमध्ये नाल्याची रेघ मागच्या कोपऱ्यातनं सरळ आत आलेली, आणि जागेवर बघावं तर कंपाउंडची भिंत आणि तिच्या बुडाला एक बारका सिमेंटचा पाइप! एवढ्या पाइपातनं जुलैचं पाणी कसं जाणार सांगा. त्याच सर्वे नंबरच्या उताऱ्यात खराब-ब (सार्वजनिक वापरासाठी सोडलेली जमीन) किती लावलंय तेही बघा, सार्वजनिक नाला, रस्ता त्यातच धरतात. फक्त जीपीएस थोडा सरकतो, हद्द ठरवायला सर्वेयरच आणा.

गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांचे फोटो बघता येतात, ते छान आहे. पण ऐन पावसाळ्यात ढग असतात म्हणून 2019 च्या ऑगस्टमधल्या पुराचं पाणी त्यात शोधत बसू नका, लेआउट पडायच्या आधीचे उन्हाळ्यातले फोटो काढा, ओढ्याची वाट स्पष्ट दिसते. खाली उंचीचा आकडा येतो त्यावर मात्र घर बांधू नका, तो काही मीटरनं चुकू शकतो आणि आपल्या बळ्ळारी नाल्याचं पाणी घरात यायला दोन फूट पुरतात.

इस्रोचं भुवन मोठ्या नदीसाठी चांगलं. सदलगा, यडूर, मांजरीकडं कृष्णा-दूधगंगेच्या काठाला जागा घेणाऱ्यांनी त्यातले पुराचे नकाशे बघावेत, रडारवाला उपग्रह ढगातनंही पाणी टिपतो. शहरातल्या गल्लीत तुंबलेलं पाणी त्यात सापडेल असं समजू नका. गूगलचं फ्लड हब हे पुढच्या काही दिवसांत नदी किती चढणार ते सांगतं, नदीकाठी राहणाऱ्यांनी पावसाळ्यात रोज बघावं, जागा घ्यायला त्याचा उपयोग नाही.

आणि हे सगळं झाल्यावर शेजारच्या शेतात जावाच. तिथं भात करणारे एक काका भेटले, बांधाकडं हात करून म्हणाले, "इथपर्यंत चढतंय की हो, लावलेलं भात कुजतंय, परत लावायला लागतंय." दिशांकमधली रेघ आणि काकांचा बांध एकाच जागी आले, तो प्लॉट आम्ही सोडला. एजंटनं रेट कमी करतो म्हणून परत फोन केला, तरी नाहीच म्हणालो. दिशांकमध्ये सर्वे नंबर टाकून शोधायला कुणाला जमत नसेल तर विचारा, सांगतो.