प्रिंटवर सही कशाने आणि कुठे: दिवाळीपासूनच्या वापराचा अनुभव

छापलेल्या फोटोवर सही कशाने करायची, याचा निकाल आधीच सांगून टाकतो. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या कॉटन कागदाला साधी एचबी पेन्सिल, बराइटा (खनिजाचा थर दिलेला, हलकी चमक असलेला फोटो कागद) किंवा चकचकीत कागदाला पिगमेंट शाईचं, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या टिकाऊ शाईचं बारीक पेन. बाकी जेवढं घेतलं होतं ते सगळं ड्रॉवरमध्ये पडून आहे.

मी वेरूळ, दौलताबाद, नळदुर्गचे फोटो बहुतेक हानेम्युले कंपनीच्या फोटो रॅग 308 जीएसएम या जाड मॅट कॉटन कागदावर काढतो. या कागदावर पेन्सिल इतकी छान धरते की पेनाकडे हात जातच नाही. ग्राफाइट म्हणजे शेवटी कार्बन. उजेडाने उडत नाही, ओल लागली तरी पसरत नाही. ‘पेन्सिल काय, कुणीही खोडेल’ असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. खोडून बघा म्हणावं, कागदावरचं शाई धरणारं कोटिंगसुद्धा निघून येतं आणि खाडाखोड लगेच दिसते. फक्त पेन्सिलचा नंबर बघून घ्या. कडक 2एच कागदात रुतते, मऊ 2बी तळहाताला लागून काळा फराटा ओढते.

पिगमेंट पेनात मी 0.25 आणि 0.45 मिमी अशी दोन्ही टोकं वापरली. मॅट कागदावर बारीक टोकात कोटिंगची पांढरी भुकटी अडकते आणि सही अर्ध्यावर तुटते. बराइटावर मात्र 0.45 मस्त चालतं, पण शाई वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पावसाळ्यात तर प्रिंट तशीच सोडून जेवून यावं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार गेला की उलटी गंमत: टोपण मिनिटभर उघडं राहिलं तरी टोक सुकतं, आणि मनगटाचा घाम कागदावर उतरतो. मी सुती हातमोजा घालतो, पेन धरायची बोटं तेवढी कापलेली. परमनंट मार्कर आणि बॉलपेन प्रिंटच्या जवळही आणू नका. मार्करची डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) पसरते, पुढे उडतेही; बॉलपेनचा खळगा मागून दिसतो.

आता जागा. चित्राच्या खाली पांढऱ्या कडेवर, उजवीकडे सही, डावीकडे 3/15 (पंधरापैकी तिसरी प्रत) असा आवृत्तीचा क्रमांक, नाव द्यायचंच तर मध्ये. छापचित्रकारांची ही जुनी रीत आहे. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स प्रिंट बोर्डावर चिकटवून खाली उजवीकडे बोर्डावरच सही करायचे. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या कित्येक प्रिंट्सवर क्रमांक आणि मथळा थेट चित्रात दिसतो, कारण तो निगेटिव्हवरच लिहिलेला असे. पण ती नोंद होती, हाताची सही नव्हे. फोटोशॉपमध्ये टाकलेली सहीही त्यातलीच. लग्नाच्या अल्बमला ठीक.

लातूरच्या एका गिऱ्हाइकाला सही कैलासच्या हत्तीवरच, ठळक हवी होती. ‘नाव दिसलं पाहिजे ना भाऊ!’ दौलताबादच्या भिंतीवर लोकांनी कोरलेली नावं मी फोटोतून तासन्‌तास बसून पुसायची आणि वेरूळच्या हत्तीवर स्वतःचं लिहायचं, हे काही मला जमलं नाही. त्यांना कडेवर सही करूनच दिली.

खरी डोकेदुखी फ्रेमवाल्याची. माउंटची, म्हणजे फ्रेममध्ये फोटोभोवती येणाऱ्या पुठ्ठ्याची खिडकी चित्राला अगदी खेटून कापली की सही आणि क्रमांक दोन्ही आत गडप. आता मी प्रिंटसोबत मापाची चिठ्ठी देतो: बाकी तीन बाजूंना 1 सेंमी, खाली 2 सेंमी मोकळं. सही चित्रापासून 5-6 मिमीवर ठेवली की तेवढ्यात आरामात बसते. एवढं करूनही फ्रेमवाल्याचा भरवसा नाही, म्हणून मागच्या बाजूलाही कडेजवळ हलक्या हाताने पेन्सिलने नाव, ठिकाण, कागद, शाई आणि छापल्याचा महिना लिहितो. खाली काच, तिच्यावर स्वच्छ टिश्यू, मग प्रिंट पालथी. मऊ गादीवर ठेवून लिहिलं तर अक्षरं पुढे उमटतात.

खर्च म्हणाल तर पेन शंभर-दीडशेला मिळतं. पेन्सिल औरंगपुऱ्यात कुठल्याही स्टेशनरीत घ्या, पोरांची चालते. कॅनव्हासवर दोन्हींचा उपयोग नाही, त्याला अॅक्रिलिक पेंट मार्कर लागतो. मी कॅनव्हास छापत नाही, म्हणून तो घेतलेला नाही.