विंडोज ७ वरचा फायरफॉक्स ११५ ईएसआर : पाचपैकी चार तारे

कोर्टासमोर आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दोन मशीन नवी आहेत आणि कोपऱ्यातलं एक विंडोज ७ चं. ते भंगारात का घालत नाही, असं येणारा-जाणारा विचारतो. लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइली पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहेत आणि त्या फॉन्टची डोंगल, म्हणजे मशीनला लावायची लायसन्सची किल्ली, नव्या विंडोजवर ओळख दाखवत नाही. डीटीपीवाल्यांना याहून जास्त सांगायला नको. आता या मशीनवर नेट लावूच नये म्हणावं, तर गिऱ्हाईक फोटो आणि मजकूर मेलवर पाठवतं. म्हणून ब्राउझर लागतो, आणि तो फायरफॉक्स आहे.

मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये थांबवला. क्रोमची १०९ ही इथे चालणारी शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० थेट विंडोज १० मागते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं मात्र जुलै २०२३ मधली ११५ ही आवृत्ती जुन्या विंडोजसाठी धरून ठेवली आणि आमच्यासारख्यांना आपोआप ईएसआरच्या रांगेत नेऊन बसवलं. ईएसआर म्हणजे नवं काही मिळणार नाही, पण सुरक्षेची भोकं बुजवत राहणार. आधी मुदत सप्टेंबर २०२४ ची होती. मग मार्च २०२५, मग सप्टेंबर २०२५, मग मार्च २०२६. पुढची तारीख मिळाल्याचा आनंद समोरच्या कोर्टात कुणालाच होत नाही, मला इथे होतो.

अपडेटचं एवढं कौतुक कशाला, असं आमच्याकडचा मुलगाही विचारतो. त्याला मी सप्टेंबर २०२३ ची गोष्ट सांगते. वेबपी या चित्रांच्या प्रकारात, म्हणजे ती चित्रं उलगडणाऱ्या तयार कोडमध्ये (लायब्ररीत), भोक सापडलं होतं. मुद्दाम बिघडवून बनवलेलं चित्र ब्राउझरनं नुसतं दाखवायला घेतलं तरी घात होऊ शकत होता. काही डाउनलोड करायला नको, कशावर क्लिक करायला नको. दिवसभर लोकांची चित्रं उघडणाऱ्या दुकानाला यापेक्षा वाईट बातमी कोणती? क्रोमची दुरुस्ती ११ सप्टेंबरला आली, फायरफॉक्सची १२ ला, आणि त्यात ईएसआरही होता.

ऑक्टोबर २०२४ चं प्रकरण आणखी गंभीर. पानावरची ॲनिमेशन हाताळणाऱ्या भागातली चूक चोरांनी आधीच वापरायला घेतली होती. ईसेट कंपनीच्या संशोधकानं ती कळवली आणि मोझिलाच्या सांगण्यानुसार २५ तासांत दुरुस्ती बाहेर पडली. आमच्या जुन्या रांगेलाही त्याच वेळी ११५.१६.१ मिळाली. फुकटच्या वस्तूकडून मी एवढी अपेक्षा ठेवली नव्हती.

रोजच्या वापरात हे काम जाणवतही नाही. दर चार आठवड्यांनी, आणि घाईचं असेल तर मध्येच, फाइल मागच्या मागे उतरते. बहुतेक वेळा फरकापुरतीच असते, त्यामुळे आमच्या रडतखडत नेटलाही झेपते. मेन्यूच्या तीन रेघांवर हिरवा ठिपका आला की बंद करून पुन्हा चालू करायचं, टॅब होते तिथे परत येतात. ॲडमिनचा पासवर्ड विचारत नाही, कारण त्यासाठी वेगळी सर्व्हिस बसवलेली असते. मुलगा तो ठिपका आठवडाभर तसाच ठेवतो, हा दोष फायरफॉक्सचा नाही. खात्री करायची तर 'हेल्प'मध्ये 'अबाउट फायरफॉक्स' उघडा, आवृत्ती तिथेच दिसते.

गल्लीतल्या एकानं 'मशीन हळू होतं' म्हणून अपडेट बंदच केलं होतं. १४ मार्च २०२५ ला मोझिलाचं एक मूळ सर्टिफिकेट, म्हणजे ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायच्या छोट्या सोयी) खरे आहेत हे तपासायचा डिजिटल दाखला, संपलं. ११५.१३ च्या मागच्या ईएसआरवर ॲड-ऑन बंद पडू शकतात, हे आधीच जाहीर झालं होतं. त्याचं जाहिराती अडवणारं ॲड-ऑन गेलं आणि स्क्रीनवर लॉटऱ्या नाचायला लागल्या. मग आला धावत.

एक तारा कापलाय, तो अशासाठी. काही साइट आता '११५ जुनं झालं' म्हणून दारातूनच परत पाठवतात. एका फॉर्मच्या पोर्टलवर तर फोटो अपलोडचं बटणच उमटत नाही, नव्या मशीनवर जावं लागतं. आणि ब्राउझर कितीही बुजवला तरी खालची विंडोज उघडीच आहे, तिला फायरफॉक्स काय करणार? म्हणून बँक, ओटीपी, आधारचं कुठलंही काम मी या मशीनवर करू देत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

तुमच्याकडे डोंगलसारखी अडचण नसेल तर मशीन बदला, हे परीक्षण तुमच्यासाठी नाही. असेल, तर ११५ ईएसआर मोझिलाच्याच साइटवरून उतरवा. 'विंडोज ७ साठी लेटेस्ट' म्हणून पेनड्राइव्हवर फिरणारे सेटअप कुणी फुकट दिले तरी घेऊ नका.