गाडीत ‘अनलिमिटेड नेट’च्या नादात १६,६९९ रुपये गेले

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मी वीस वर्षं जातोय, पहिला कॉम्प्युटरही तिथूनच जोडून आणला. तरी फसलो. भावाला अजून खरी रक्कम सांगितलेली नाही.

मे महिन्यात आठ दिवसांसाठी मोटरहोम, म्हणजे आत राहता-झोपता येणारी गाडी, भाड्यानं घेतली, कोकणात जायला. बायको दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, संध्याकाळी सातचा क्लास बुडवून चालत नाही. गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, आत फोनचा हॉटस्पॉट रडतो. म्हणून छपरावर अँटेना आणि आत सिमवर चालणारा राउटर घ्यायचं ठरवलं. यात माझं काही चुकलं नाही, हे आजही सांगतो.

राउटर ६,५००, अँटेना २,२०० आणि ‘वर्षभर अनलिमिटेड, कुठल्याही कंपनीचा टॉवर पकडतं’ असं सिम ७,९९९. असलं सिम कुणी देऊ केलं तर तिथूनच मागे फिरा. यूपीआय करताना दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं. ‘भावाचं खातं आहे,’ दुकानदार म्हणाला. बिल म्हणून कोऱ्या कागदावर तीन आकडे, जीएसटी नंबर नाही.

पण मी जागं व्हायला हवं होतं ते त्यानंतर. त्यानं सिम घातलं आणि दोन मिनिटांत नेट सुरू. आधार नाही, फोटो नाही, ओटीपी नाही. साधं प्रीपेड सिम घेताना गल्लीतला दुकानदारसुद्धा आधार मागतो, फोटो काढतो. माझ्या हे लक्षात आलं होतं! आणि ‘बरं झालं, कटकट वाचली’ म्हणत मी पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं, बायको खाली टॅक्सीत थांबली होती. हे सिम कुणाच्या नावावर आहे, एवढंच विचारायचं होतं.

तीन दिवस छान चाललं. चौथ्या दिवशी गणपतीपुळ्याला, सात वाजून दहा मिनिटांनी, चौदा मुलं स्क्रीनवर असताना बंद पडलं ते कायमचं. उरलेला क्लास बायकोनं रस्त्याकडेला उभं राहून फोनवर घेतला. दुकानदारानं मला ब्लॉक केलं.

कस्टमर केअर म्हणे, ‘सिम एका कंपनीच्या नावावर आहे, तुमची तक्रार घेता येणार नाही.’ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रारीचा क्रमांक मिळाला, पुढे शांतता. पैसे गेल्याचं कळताच तासाभरात तिथे फोन करा, मी चार दिवस घालवले. घराजवळच्या पोलीस ठाण्यात ऐकलं, ‘पैसे दिले तिथे जा.’ तिथे गेलो तर, ‘राहता कुठे? तिकडे जा.’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवावा लागतो, हे मी सांगितलं. त्यावर साहेब मलाच म्हणाले, ‘दुसऱ्याच्या नावाचं सिम वापरलंत कशाला?’ फसवलेला माणूस मी, आणि बाकावर दोन तास आरोपीसारखा बसलेलोही मीच! अर्ज घेतला, पोच दिली नाही. तीन खेपा झाल्या.

गाडीसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची साधी प्रीपेड सिम स्वतःच्या नावावर घ्या. आपल्या नावावर किती सिम आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तपासा, एखादं अनोळखी दिसलं तर तिथेच कळवा.

ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार टाकली आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. परवा त्या दुकानावरून गेलो. काचेखाली तसलीच सिमची पाकिटं मांडलेली होती.