इन्स्क्रिप्ट कळफलकावर दहा महिने: लिहून पोट भरणाऱ्या बाईचा अनुभव

माझ्या लॅपटॉपच्या कळांवर मी दहा महिन्यांपूर्वी मराठी अक्षरांची स्टिकरं चिकटवली. आज त्यांतली ‘क’, ‘र’ आणि काना ही तीन पार पुसली गेलीत, ‘ल-ळ’च्या स्टिकरचा कोपरा उचकटून नखाला अडकतो, आणि ‘औ’चं मात्र काल चिकटवल्यासारखं चकचकीत आहे. दहा महिन्यांत काय काय लिहिलं याचा यापेक्षा प्रामाणिक हिशेब माझ्याकडे नाही.

मी लिहून पोट भरते, म्हणजे एका वेळी चार-पाच ठिकाणचं लिहिते. या आठवड्याचंच सांगायचं तर एका कंपनीच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर, एका माहितीपटाच्या तीन भागांची उपशीर्षकं, पाक्षिक सदर आणि मोबाइलवर जाणाऱ्या जाहिरातींचे चिमुकले संदेश. शिवाय एक कादंबरी, जी कुणी मागितलेली नाही. रोज किती शब्द टाइप होतात ते मी मोजत नाही, माझं मनगट मोजतं.

याआधी कित्येक वर्षं मी बहुतेक जण लिहितात तसंच लिहायचे: रोमन अक्षरांत शब्द टाइप करायचा आणि समोर मराठी शब्दांचे चार-पाच पर्याय आले की त्यातला हवा तो उचलायचा. सवयीने वेग चांगला आला होता. अडचण एवढीच की उचलायचं काम हळूहळू बोटं आपली आपणच करायला लागली होती, डोळे बघतच नव्हते. एका पुस्तिकेत ‘वर्धापन दिन’ऐवजी ‘वर्धापन दीन’ गेलं. तेही मथळ्यात, मोठ्या टायपात. कंपनीला दीन व्हायला अजून अवकाश आहे, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं. हसत सांगितलं, म्हणून जास्त लागलं. तपासून द्यायची जबाबदारी माझीच होती, हे मान्य. पण मी न लिहिलेला शब्द माझ्या नावावर छापला गेला, ही भावना काही जाईना. आधीच या धंद्यात आपल्या शब्दांवर येणारा-जाणारा प्रत्येक जण हात फिरवून जातो. त्यात निदान टाइप करायच्या यंत्राने तरी लुडबुड करू नये, असं वाटून मी इन्स्क्रिप्टकडे, म्हणजे कळ दाबली की थेट मराठी अक्षर उमटवणाऱ्या मांडणीकडे वळले.

ही मांडणी नवी नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६मध्ये ठरवली, १९८८मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि १९९१च्या भारतीय मानकात तिला जागा मिळाली. म्हणजे मी पहिला संगणक पाहिला त्याच्या आधीपासून ती होती. प्रत्येक संगणकात निमूट बसलेली असायची आणि मी तिला टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्यांची वस्तू समजायचे.

मांडणीमागचा विचार कळला तेव्हा मात्र मी चाट पडले. बहुतेक स्वर आणि स्वरचिन्हं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘के’च्या कळेवर क, आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ख. तसंच ग-घ, च-छ, त-थ, प-फ. मात्रेची कळ शिफ्टसह दाबली की अख्खा स्वर: ‘एफ’वर ऱ्हस्व वेलांटी, शिफ्टसह इ. लहानपणी घोकलेली वर्णमालाच बोटांखाली पसरलेली. कळफलकावर ‘एफ’ आणि ‘जे’ या दोन कळांना अंधारातही कळावा असा उंचवटा असतो ना, तिथे आपल्याला मिळतात ऱ्हस्व वेलांटी आणि र. पाय मोडायची कळ ‘डी’वर, म्हणजे डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. जोडाक्षरांच्या या भाषेत ती तिथेच हवी.

हे सगळं कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. पहिल्या आठवड्यात मिनिटाला सहा-सात शब्द व्हायचे. ‘प्रात्यक्षिक’ लिहिताना मी अक्षरशः बोट वर धरून बसायचे. कामं तर थांबवता येत नव्हती, म्हणून मी दिवसा जुनी पद्धत आणि रात्री अर्धा तास नवी, असा मधला मार्ग काढला. हा माझा सर्वांत मोठा मूर्खपणा. दोन्ही पद्धती डोक्यात एकमेकींच्या पायात पाय घालायच्या आणि दोन महिने माझं घोडं पेंड खात राहिलं. तिसऱ्या महिन्यात जुनं टूल काढूनच टाकलं. दोन आठवडे सगळ्यांना एकेक दिवस उशिरा काम दिलं, कारण विचारल्यावर ‘हात दुखतोय’ म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. ख, घ, थ, भ अशी सगळी महाप्राण व्यंजनं उजवीकडे असल्यामुळे शिफ्ट डाव्या करंगळीने धरावी लागते, आणि त्या करंगळीला आयुष्यात कुणी एवढं कामाला लावलं नव्हतं. आता मिनिटाला बत्तीस-तेहतीस शब्द होतात. पूर्वीच्या वेगापेक्षा किंचित कमीच. पण पूर्वी लिहून झाल्यावर परत फिरून चुकीचे शब्द वेचावे लागायचे, त्यात वीस मिनिटं जायची, ती वाचली.

एक गंमत. व्यंजन उजवीकडे आणि मात्रा डावीकडे, त्यामुळे काही शब्द दोन्ही हातांत ठेका धरून उमटतात. ‘किती’ हा त्यातला सर्वांत सुरेल: उजवा, डावा, उजवा, डावा. ‘कधी’ही तसाच, ‘ध’साठी डाव्या करंगळीने धरलेली शिफ्ट मोजली तर. आमच्या व्यवसायात दिवसभर हेच दोन शब्द इकडून तिकडे फिरत असतात. आणि नेमकं त्यांच्यापुढे लागणारं प्रश्नचिन्ह माझ्या मांडणीत नाही! त्या जागी नुक्ता, म्हणजे खाली टिंब दिलेला ‘य’ येतो, जो मी दहा महिन्यांत एकदाही वापरलेला नाही. उद्गारचिन्हाची जागा ‘ऍ’ने घेतलीय आणि अवतरणचिन्हांच्या कळेवर ट-ठ बसलेत. सदर लिहिताना हे चालून जातं, उपशीर्षकं लिहिताना जीव जातो. एक पात्र विचारतं, दुसरं ओरडतं, तिसरं कुणाचं तरी वाक्य उद्धृत करतं, आणि मी दर ओळीला इंग्रजीत जाऊन विरामचिन्ह घेऊन परत येते, वाण्याकडे विसरलेली जिन्नस आणायला गेल्यासारखी. शेवटी मी यावर एक जुगाड केलं: प्रश्नचिन्हाच्या जागी दोन पूर्णविराम टाकते आणि शेवटी सगळे एकदम बदलून घेते. एकदा बदलायचे राहिले. उपशीर्षकांतल्या सगळ्या प्रश्नांचे सूर उदास झाले आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

इंग्रजी-मराठी ये-जा करण्याचा दुसरा उपद्रव म्हणजे आपण कुठे आहोत हे विसरणं. पासवर्ड तीनदा चुकला की समजायचं, मराठीत आहोत. उलटही होतं. घाईत एका संपादकांना ‘हो’ म्हणून कळवलं आणि गेली ‘यू’ आणि ‘ए’ ही दोन इंग्रजी अक्षरं, कारण ‘ह’ आणि ओकार त्या कळांवर आहेत. त्यांनी विचारलं, हे काय? मी खुलासा केला. आता लेख मिळाला की तेच मला ‘यूए’ अशी पोच देतात.

ज्या गोष्टीसाठी मी ही मांडणी सोडणार नाही ती म्हणजे ऱ. माहितीपटाच्या पहिल्या भागात डोंगरदऱ्या होत्या. जुन्या टूलमध्ये दऱ्या लिहायला गेलं की ‘दर्या’ पुढे यायचा आणि डोंगरात समुद्र शिरायचा. इथे ऱ शिफ्टसह ‘जे’वर आहे. तो दाबायचा, पाय मोडायचा, य दाबायचा. काम झालं. ‘ऱ्हस्व’ हा शब्दही याच कळेने सुरू होतो. दुसऱ्या, खऱ्या, वाऱ्यावर, विचारणाऱ्या: दर दोन ओळींनी हे अक्षर लागतं, आणि इतकी वर्षं मी ते कुठून तरी कॉपी करून आणत होते, याची आता लाज वाटते.

मला अजिबात अपेक्षित नसलेला फायदा झाला तो जाहिरातींच्या संदेशांत. मोबाइल संदेशाला इंग्रजीत १६० अक्षरांची मर्यादा असते, देवनागरीत ७०. एकाहत्तरावं चिन्ह आलं की संदेशाचे दोन तुकडे होतात आणि पैसे दोनाचे लागतात. शिवाय प्रत्येक तुकड्यात मग ६७च मावतात, कारण जोडणीची माहिती त्यातच बसवावी लागते. ग्राहक म्हणतात, अहो, तीस-पस्तीस अक्षरं तर दिसतायत! दिसतात खरी. पण ‘स्त्रियांसाठी’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा असला तरी यंत्राला तो तेरा चिन्हांचा आहे: स, पायमोड, त, पायमोड, र, वेलांटी आणि पुढची सात. इन्स्क्रिप्टवर जोडाक्षराची तयार कळ न वापरता तो टाइप केला तर, ‘ठ’ची शिफ्ट सोडून, बोटं बरोबर तेरा वेळा हलतात. आता संदेश लांबला की मोजायच्या आधीच हाताला कळतं. तिथे ‘महिलांना’ घातलं, आठात भागलं. पूर्वी हे मी मोजणीच्या खिडकीकडे बघत, चडफडत करायचे.

‘ऍ’ची तक्रार मात्र सविस्तर करायलाच हवी. मराठीत आपण ‘ॲ’ लिहितो. या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या मानकात, स्वतंत्र जागा मिळाली ती २००८मध्ये. त्याआधी ज्याने त्याने आपापली सोय पाहिली: कुणी ‘ऍ’ वापरला, कुणी ‘अ’वर चंद्र चढवला. हा चंद्र चढवलेला ‘अ’ आणि खरा ‘ॲ’ पडद्यावर सारखेच दिसतात, पण शोधताना संगणक त्यांना ओळखही दाखवत नाही. भाषांतराच्या एका जुन्या फाइलमध्ये ‘ॲप’ शोधला, सात ठिकाणी सापडला, सातही बदलले, निर्धास्तपणे पाठवून दिलं. आणखी सोळा ठिकाणी तो दुसऱ्या वेशात बसला होता. माझी मांडणीही जुन्या वळणाची असल्याने ‘ऍ’च देते, म्हणून प्रत्येक फाइल संपवताना ‘ऍ’ शोधून ‘ॲ’ करणं हा माझा शेवटचा विधी आहे.

आणि जे दुखणं कुठल्याच कळफलकाने बरं होणार नाही, ते छपाईकडचं. अजूनही काही ठिकाणी अक्षरजुळणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये चालते. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नोंदलेली असते, कारण ती आधी दिसते. आपल्याकडे ती अक्षरानंतर येते, कारण ती नंतर उच्चारली जाते. मध्ये रूपांतर करणारं टूल बसतं आणि ते कधी वेलांटी शेजारच्या घरात टाकतं, कधी ऱ खाऊन टाकतं. सदराचं एक प्रूफ आलं त्यात सगळ्या दऱ्यांचे पुन्हा दर्ये झाले होते. मी खुणा करून परत पाठवलं. पुढच्या प्रुफात दऱ्या जागेवर आल्या आणि ‘दर्यावर्दी’चा ‘दऱ्यावर्दी’ झाला. तिथल्या जुळारींचा दोष नाही. त्यांच्या हातात दिवसाला चाळीस पानं असतात, त्यांना ‘दर्या’ दिसला की बदलायचं एवढंच सांगितलेलं होतं, आणि सांगितलं होतं मीच.

फोनवर ही मांडणी मला जमली नाही. कळा एवढ्याशा, आणि अंगठ्यांना डावं-उजवं हे तत्त्व कळत नाही. फोनवर मी बोलूनच टिपणं घेते. त्यात विरामचिन्हं नसतात, चालता चालता लागलेली धाप असते. घरी येऊन ती उतरवते.

कुणी विचारलं तर मी काय सांगेन? महिन्याला एखादा लेख लिहिणाऱ्यांनी या फंदात पडू नये, जुनं टूल पुरेसं आहे, फक्त डोळे उघडे ठेवावेत. रोज दोन-तीन तास मराठी लिहिणाऱ्यांनी मात्र दोन महिने वाईट काढायची तयारी ठेवून जरूर वळावं. आणि सराव करायचा तो असल्या मजकुरावर, ज्याची कुणीही वाट पाहत नाही.

माझ्याकडे तसा मजकूर होताच. रात्रीचा तो अर्धा तास मी कादंबरीवर घालवायचे. मिनिटाला सात शब्द या वेगाने लिहिताना मोठं वाक्य परवडत नाही, विशेषण टाकायचं तर ते अक्षर अक्षर शोधून टाकावं लागतं, तेव्हा निम्मी विशेषणं आपोआप गळायची. दोन वर्षं एकाच प्रकरणावर अडलेली कादंबरी त्या चाचपडण्यात अठ्ठेचाळीस पानं पुढे गेली. आता हात बसलाय, सरावाची सबब उरलेली नाही, आणि रात्रीच्या त्या अर्ध्या तासात उपशीर्षकं शिरली आहेत. गेल्या तीन आठवड्यांत कादंबरीचं एकही पान झालेलं नाही.