सेकंडहँड एअर रायफल घेताय? आधी सिलिंडरवरची तारीख बघा

सांगली, मिरज, तासगाव भागात ज्यांची मुलं नव्याने रायफल शूटिंगला लागली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) कांस्य जिंकलं, तेव्हापासून आपल्याकडे घराघरांत रायफलचा विषय निघतो. त्यावर डोळा ठेवून बसलेली माणसंही आहेत.

माझी मुलगी आठवीत आहे, १० मीटर एअर रायफल खेळते. क्लबच्या रायफलवर तिचा नेम बसायला लागला तसं प्रशिक्षकांनी स्वतःची रायफल घ्या म्हणून मागे लागायला सुरुवात केली. "नवीन जर्मन रायफल तुम्हाला झेपणार नाही. माझ्याकडे एका नॅशनल खेळाडूची आहे, नेमबाजीच्या जॅकेटसकट सव्वा लाखात देतो." पैसे रोख हवे होते, पावती नंतर. पतसंस्थेतून कर्ज काढून दिले.

या रायफलच्या नळीखाली हवेचा सिलिंडर असतो. त्यात साधारण २०० बार दाबाने हवा भरतात, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळपास शंभरपट. एवढा दाब सोसणाऱ्या धातूला मुदत असते. जर्मन कंपन्या बहुधा दहा वर्षांची देतात आणि तारीख सिलिंडरवरच असते. आमच्या सिलिंडरवर नेमका तिथे अकादमीचा स्टिकर होता. स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे खेळण्याआधीच्या सामान तपासणीत, तपासणाऱ्यांनी तो नखाने सोलला. मुदत केव्हाच संपली होती. सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नियमाने खेळाडूवरच असते, त्यामुळे रायफल बाद. जॅकेटचं कापड एका थराला २.५ मिलिमीटरपेक्षा जाड भरलं, तेही बाद. पोरगी न खेळता परत आली. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे. आणि तो सिलिंडर रोज तिच्या गालापासून हातभर अंतरावर होता, हे आठवलं की झोप लागत नाही.

प्रशिक्षक म्हणाले, "मलाही माहीत नव्हतं." स्टिकर त्यांच्याच अकादमीचा होता.

हेच गृहस्थ मोठ्या मुलांच्या पालकांना पॉइंट टू-टू (.२२ इंची, काडतुसाची) रायफल "लायसन्सचं मी बघतो, आधी पैसे द्या" म्हणून सांगतात. अजिबात देऊ नका. ४.५ मिलिमीटर छर्‍याची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल विनापरवाना चालते. पॉइंट टू-टू हे बंदुकीतच मोडतं, परवान्याशिवाय घरात ठेवलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा लागतो.

रायफल घेताना सिलिंडर हातात घ्या, वरचे सगळे स्टिकर काढायला लावा, तारखेचा आणि रायफलच्या नंबरचा फोटो काढा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथूनच उठा. जॅकेट मुलाच्या अंगावर चढवून, जाडी मोजूनच घ्या. पहिलं वर्ष क्लबची रायफल वापरली तरी काही बिघडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्यवहाराचे मेसेज मी जपून ठेवले होते. ते जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. याच माणसाकडून रायफल घेतलेले आणखी दोन पालक सोबत आले आहेत. आणखी कोणी असेल तर व्यवहाराला दोन वर्षं होण्याआधी तक्रार द्या, नंतर आयोग सहसा दाखल करून घेत नाही.