एक खुर्ची, एक भिंत आणि ५४ दिवस

ब्राझीलच्या लष्करी राजवटीने १३ डिसेंबर १९६८ रोजी पाचवा संस्थात्मक हुकूम काढून उरलीसुरली नागरी स्वातंत्र्ये गुंडाळली आणि दोनच आठवड्यांनी, २७ डिसेंबरला, साओ पावलोमधून गायक काएतानो वेलोझो व त्यांचे मित्र जिल्बेर्तो जिल यांना कोणतेही कारण न सांगता उचलण्यात आले. पुढचे ५४ दिवस काएतानो रिओमध्ये कैदेत होते. 'नार्सीझो एं फेरियास' हा २०२० चा माहितीपट म्हणजे त्या दिवसांची त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत आहे.

रेनातो तेरा आणि रिकार्दो कालिल या दिग्दर्शकांनी काँक्रीटच्या करड्या भिंतीपुढे एक खुर्ची ठेवली आहे आणि तीवर सत्तरी ओलांडलेल्या गायकाला बसवले आहे. जुनी चित्रफीत नाही, नाट्यरूपांतर नाही. हा संयम मला मनापासून पटला, कारण एकांत कोठडीतला आठवडा सांगताना काएतानो जिथे थबकतात, तिथे आपले लक्ष वळवायला पडद्यावर दुसरे काहीच नसते.

चित्रपटाचा सर्वांत सकस भाग म्हणजे चौकशीच्या जबाबाचे वाचन. राष्ट्रगीताचे विडंबन 'त्रोपिकालिया' या स्वतःच्या गाण्याच्या चालीवर केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्यावर या कवीने लष्करी अधिकाऱ्याला छंदशास्त्र समजावले होते, की राष्ट्रगीताच्या ओळी दहा अक्षरांच्या आणि माझ्या गाण्याच्या आठ, तेव्हा त्या या चालीत बसणारच कशा? पन्नास वर्षांनी तोच कागद हातात धरून वाचताना त्यांना हसू आवरत नाही, आणि बघणाऱ्याच्या मात्र पोटात गोळा येतो.

ब्राझीलच्या इतिहासाची तोंडओळख नसलेल्या प्रेक्षकाला थोडी पूर्वपीठिका मिळायला हवी होती, हे खरे. काएतानो यांच्या १९६९ ते १९७२ या लंडनमधल्या हद्दपारीबद्दल वाचून मगच चित्रपट पाहावा, असे मी सुचवेन.

गिटार घेऊन त्यांनी गायलेले बीटल्सचे 'हे ज्यूड' हे गाणे सुंदर आहे. पण माझ्या मनात घर करून राहिली ती एका मासिकाची आठवण. पत्नीने तुरुंगात आणून दिलेल्या त्या अंकात अंतराळातून टिपलेली पृथ्वीची छायाचित्रे होती. चार भिंतींत कोंडलेल्या माणसाने संपूर्ण पृथ्वी तिथे पहिल्यांदा पाहिली, आणि त्यावरचे 'तेरा' (म्हणजे पृथ्वी) हे गाणे १९७८ मध्ये आले.