मालवाहतुकीच्या मागणीचा अंदाज देणारी सेवा: म्हापशातील एका वितरकाचा वर्षभराचा अनुभव

गोव्यात म्हापशातील आमच्या गोदामातून बार्देश तालुक्यातील किराणा दुकानांना आणि हॉटेलांना रोज चार टेम्पो माल पोहोचवतात. कोणत्या भागात किती फेऱ्या लागतील हे आठवडाभर आधी सांगणारी एक संगणकीय सेवा आम्ही वर्षभर वापरली.

पहिल्या दोन महिन्यांतील अंदाज फारसे उपयोगाचे नव्हते. सेवेने प्रत्येक भागाची मागणी २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येवरून काढली होती. त्या हिशोबाने कळंगुट-कांदोळीला सकाळची एक फेरी पुरायला हवी होती. प्रत्यक्षात डिसेंबरात तिथे तीनही कमी पडतात, कारण तिथला बराचसा माल रहिवाशांसाठी नव्हे, तर पाहुण्यांसाठी जातो. शिवाय फेऱ्या केवळ वजनावर ठरत नाहीत. मोठे हॉटेल आठवड्यातून दोनदा भरपूर माल उतरवून घेते, तर गल्लीतील छोटा दुकानदार जागेअभावी रोज पाण्याचे दोन बॉक्स मागवतो, आणि त्या दोन बॉक्ससाठीही चालकाला गाडी लावायला जागा शोधावीच लागते. आम्ही सहा महिन्यांची डिलिव्हरी चलने (माल पोहोचवल्याच्या पावत्या) आणि दुकानांची प्रकारवार यादी भरल्यावर मात्र अंदाज झपाट्याने सुधारले, आणि रिकाम्या परतणाऱ्या गाड्या कमी झाल्या. आपली माहिती घालून भागांचे तक्ते बदलता येतात, हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे.

सर्वांत मोठी चूक चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, झाली. २०२४ मध्ये चवथ ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. सेवेने मागील वर्षाची इंग्रजी तारीख धरली आणि मागणीचा उच्चांक अकरा दिवस उशिरा दाखवला. नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) लागणारा रवा, गूळ आणि तेल दुकानदारांना ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातच हवे होते. आम्हाला ऐनवेळी भाड्याचे टेम्पो शोधावे लागले. गोव्यात सेवा विकणाऱ्याला तिथीचे महत्त्व ठाऊक असायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पर्वरीतील उन्नत मार्गाच्या कामामुळे पणजीच्या फेरीला लागणारा जादा वेळही सेवा आपणहून धरत नाही, तो आपल्यालाच भरावा लागतो. मदत कक्ष तत्पर आहे. शुल्क लहान व्यापाऱ्याला जड वाटेल.

ज्यांच्याकडे चलने नीट लावून ठेवलेली आहेत, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. इतरांनी आधी चलने जुळवावीत. आम्ही वर्गणीची मुदत वाढवली आहे आणि २०२६ च्या चवथीची तारीख, १४ सप्टेंबर, स्वतःच भरून ठेवली आहे.